घरून हृदयाच्या पट्ट्या वाचताना
अमेरिकेतल्या कंपनीसाठी घरून रुग्णांच्या हृदयाचं मॉनिटरिंग करताना तासाच्या कोट्यापायी पट्टी (हृदयाच्या ठोक्यांचा ईसीजी आलेख) नुसती चाळू नका. व्हीटीसारखं (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक वेगवान लय) दिसलं की दुसरी लीड, म्हणजे त्याच वेळचा दुसऱ्या कोनातला आलेख, उघडा. दात घासण्याच्या हालचालीनेही रुंद, वेगवान लाटा उमटतात, पण त्यांच्यातून मूळ क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची टोकदार लाट) ठरल्या अंतराने चालत राहतात. हे अंतर मोजायला कॅलिपर लावाच. सेकंदाला 25 मिमी वेगाला तीन सेकंदांचा विराम म्हणजे 15 मोठे चौकोन. रेषा टी लाटेच्या (क्यूआरएसनंतरची गोलसर लाट) मध्येच तुटली असेल तर बहुधा रुग्णाच्या छातीवरचा इलेक्ट्रोड सुटलाय. शंका वरिष्ठांना लेखीच कळवा.

अमेरिकेत राहून तासावर पगार घेत असाल तर आठवड्याला 40 तासांवर दीडपट वेतन हा सहसा कायदेशीर हक्क असतो. लॉगिनची मिनिटंही स्वतःच्या वहीत लिहा. पट्ट्यांचे फोटो मात्र पुरावा म्हणूनही काढू नका, ती रुग्णाची खासगी माहिती आहे. आणि सीसीटी (ईसीजी तंत्रज्ञाचं अमेरिकेतलं प्रमाणपत्र) परीक्षा लवकर द्या. नोकरी बदलताना ती कामी येते.