काउन्सिल घर देणार नाही, पण घरातली ओल बघायला येईल

स्किल्ड वर्कर व्हिसावर तीन वर्षांच्या लेकीला घेऊन इंग्लंडमधल्या लेस्टरला येताय, तर काउन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, घर मिळेल का आणि लेकीच्या दम्याला इथली दमट घरं झेपतील का, असं तुम्ही विचारलंय.

घराचं उत्तर एका शब्दात: नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असते. त्यामुळे काउन्सिलच्या घरांच्या यादीत नाव लागत नाही आणि बेघर झाल्यावरची मदतही नाही. पण भाड्याच्या घराची काउन्सिलकडे तक्रार करणं यात मोडत नाही. इथे अनेक वर्षं राहिलेली आपली माणसंसुद्धा 'उगाच व्हिसा अडचणीत यायचा' म्हणून भिंतीवरची बुरशी पुसत बसतात, मला त्याचा फार राग येतो.

२००४च्या हाऊसिंग ॲक्टनुसार काउन्सिलचा अधिकारी घरात येऊन ओल, बुरशी, थंडी, गर्दी यांचा धोका मोजतो. धोका पहिल्या, म्हणजे गंभीर, श्रेणीचा ठरला तर कारवाई करणं काउन्सिलला बंधनकारक आहे, दुसऱ्या श्रेणीत ते त्यांच्या मर्जीवर. ओल-बुरशीचा हिशोब चौदा वर्षं आणि त्याखालची मुलं डोळ्यांसमोर ठेवून होतो, म्हणजे तुमची लेक त्यात येतेच.

मात्र आधी घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करा, तारखेसकट फोटो जोडा. फोनवर बोललेलं कुणी धरत नाही. 'तुम्ही कपडे घरात वाळवता, स्वयंपाक करताना खिडकी उघडत नाही' हे उत्तर ठरलेलं आहे. २०२०मध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनाही असंच ऐकवलं गेलं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला, पण तो काउन्सिलच्या आणि हाऊसिंग असोसिएशनच्या (स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या ना-नफा संस्थांच्या) घरांना. खासगी भाडेकरूंना त्या वेळी त्यात घेतलं नाही. तुमच्यासाठी २००४चाच कायदा.

तक्रार केली म्हणून घरमालक बाहेर काढेल, ही भीती खोटी नव्हती. कारण न देता घर खाली करायला लावणारी सेक्शन २१ची नोटीस १ मे २०२६पासून बंद करणारा कायदा झालाय, तेवढं बळ वाढलं.

काउन्सिलकडे माणसं कमी आहेत, आठवडे जातात. म्हणून घर घेण्याआधीच बघून घ्या. लेस्टरच्या काही भागांत घर भाड्यानं द्यायला घरमालकाला काउन्सिलचा परवाना लागतो. पत्ता त्या हद्दीत येत असेल तर परवाना आहे का ते विचारा. तो टाळणारा मालक ओल दुरुस्त करेल, असं मला तरी वाटत नाही. घर बघायला जाल तेव्हा कपाटामागचे कोपरे हात लावून पाहा, आणि ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर कारण विचारा.

आरोग्याचं म्हणाल तर दवाखाना आणि हॉस्पिटल एनएचएसकडे (सरकारी आरोग्यसेवेकडे), जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा. पण सार्वजनिक आरोग्य २०१३पासून काउन्सिलकडे आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची तब्येत बघणारी नर्स, त्यातूनच येते, ओलीबद्दल तिलाही सांगा. लिव्हरपूलनं १८४७मध्ये डॉ. डंकन यांना देशातले पहिले शहर आरोग्य अधिकारी नेमलं, तेही तळघरांत कोंबलेल्या वस्तीच्या आजारांवर लिहीत होते. घर आणि आजार एकत्र बघायची इथली सवय जुनी आहे.

एक गोम आहे. लेस्टर शहरात घर आणि आरोग्य दोन्ही एकाच काउन्सिलकडे. शेजारच्या ओडबीत, जिथे आपले बरेच लोक घर शोधतात, घराची तक्रार तिथल्या बरो (स्थानिक) काउन्सिलकडे आणि सार्वजनिक आरोग्य लेस्टरशायर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) काउन्सिलकडे. चुकीच्या कचेरीत गेलात तर चकरा मारत राहाल.

आणि आल्या आल्या मतदार यादीत नाव घाला. भारत राष्ट्रकुलात असल्यानं भारतीय नागरिकाला इथे मतदान करता येतं. काउन्सिलकडून उत्तर येत नसेल तर वॉर्डाच्या नगरसेवकाला लिहा, फोटो आणि जुने ईमेल जोडून.