गोवरची की गोवराची?

परभणीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: उपकेंद्राच्या भिंतीवर 'गोवरची लस' असं रंगवलंय, ते बरोबर की 'गोवराची'? आणि गोवर म्हणजेच कांजिण्या का?

माझं मत 'गोवराची'. शब्द पुल्लिंगी, अकारान्त. ज्वराचा, तापाचा, तसाच गोवराचा. सामान्यरूप ('गोवर'चं 'गोवरा') न करता नुसता 'चा' लावणं लातूर-नांदेडसारख्या गावांच्या नावांना शोभतं, घरच्या रोगाला नाही. वर्तमानपत्रं 'गोवरची साथ' छापतात खरी. डेंग्यूसारख्या परक्या नावांच्या पंगतीत बसवलं की असं होतं.

गोवर म्हणजे कांजिण्या मात्र नव्हेत, आणि हे वचनावरूनच कळतं. कांजिण्या 'निघाल्या', देवी 'आल्या'. गोवर 'निघाला', तो एकच. कांजिण्यांचे पाणी भरलेले फोड सुटे असतात, मोजता येतात. गोवराचं पुरळ सपाट नि लालसर. कपाळावर, कानामागं सुरू होतं, अंगभर खाली उतरतं आणि एकात एक मिसळतं. मोजणार काय? आयुर्वेदातही नावं वेगळी: मसुरीच्या दाण्यासारखे फोड ती मसूरिका, केसांच्या मुळाशी उठते ती रोमांतिका, म्हणजे गोवर.

'निघाला' या क्रियापदानं थोडा घोटाळाही केलाय. आतली उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या, दवाखाना कशाला, असं आपल्याकडं अजून ऐकू येतं. प्रत्यक्षात हा विषाणूचा रोग. खोकला-शिंकांतून पसरतो, रोगी खोलीतून गेला तरी विषाणू २ तासांपर्यंत हवेत टिकतो. लागण पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत होते. म्हणजे घरात 'निघाला' म्हणेपर्यंत तो शेजारी पोचलेलाही असतो! न्यूमोनिया होऊन लेकरू दगावू शकतं, म्हणून दवाखाना हवाच. लसीचे डोस दोन: ९ महिने पूर्ण झाल्यावर, मग १६ ते २४ महिन्यांत.

हिंदी फलकांवर याला 'खसरा' म्हणतात. मराठवाड्यात त्यावरून १९५४चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद आठवतो आणि माणूस तलाठ्याकडं निघतो.

'गोवर-रुबेला लस' हे लिहिणं निर्दोष. समासात 'ची'चा प्रश्नच येत नाही. फक्त रुबेलाला 'जर्मन गोवर' म्हणत असले तरी तो गोवराचा प्रकार समजू नये. त्याचा विषाणू वेगळा आहे.