नागपुरात सुशी खावी का? तपासणी कोण करतं, तक्रार कुठे करायची?

खा, पण नजर उघडी ठेवून. सुशी म्हणजे आंबट भात आणि बहुतेकदा कच्चा मासा, असा जपानी पदार्थ. सगळे कच्च्या माशाला घाबरतात. त्यातल्या कृमींवर उपाय आहे: उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवायचा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे आपल्याकडे गोठवलेला मासाच बरा. 'ताजा' म्हणून मिरवणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

खरी गोची भाताची. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो, आणि त्याचं विष परत गरम करूनही जात नाही. सुशीच्या भातात व्हिनेगर घालतात ते चवीपुरतं नाही, त्या आंबटपणाने जंतू दबतात. गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी काउंटरवर भाताचं उघडं घमेलं, वर माश्या, आणि शेफ त्याच हाताने पैसे घेताना पाहिला. न खाता उठलो, भाऊ!

तपासणी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी करतात. आधी सुधारणेची नोटीस, तरी ऐकलं नाही तर परवाना निलंबित. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्यास 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 1 लाखापर्यंत दंड आहे. बिलावरचा 14 अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक आणि फोटो जोडून त्यांच्याच 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार टाका. बिल मात्र फेकू नका.