वडिलांची राजदूत ३५० आणि तीन लाखांचे अंदाजपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपले वय ३६, नोकरी पुण्यात, हातात येणारा पगार ८२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २७,०००, घरखर्च ३१,००० आणि एसआयपी १२,००० वजा जाता महिन्याला १२,००० शिल्लक राहतात. दिवाळीला साधारण ६०,००० बोनस मिळतो. अडीनडीसाठी बँकेत साडेतीन लाखांची मुदत ठेव आहे. गेल्या वर्षी वडील गेले आणि सांगलीच्या घरी पडवीत पंधरा-सोळा वर्षे झाकून ठेवलेली त्यांची १९८७ ची राजदूत ३५० आपल्याकडे आली. ती पूर्ववत करण्यासाठी गॅरेजने ३,१०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे, तर एक गृहस्थ ती आहे तशी १,६०,००० ला न्यायला तयार आहेत. ठेव मोडावी, वैयक्तिक कर्ज काढावे की गाडी विकून टाकावी, असे आपण विचारता. आणि नीट झालेली गाडी दोन वर्षांनी साडेपाच लाखांना जाईल, म्हणजे ही गुंतवणूकच आहे, असेही लिहिता.

माझे मत असे, की गाडी ठेवावी आणि दुरुस्तही करावी. मात्र त्यासाठी ठेव मोडू नये, कर्ज काढू नये, आणि हिला गुंतवणूक तर मुळीच समजू नये.

गुंतवणुकीचा हिशेब आधी पाहू, कारण त्यात एक आकडा आपल्याकडून सुटला आहे. आज हातात येऊ शकणारे १,६०,००० आपण सोडून देणार आहात, म्हणजे गाडीत गुंतणारी खरी रक्कम ३,१०,००० नसून ४,७०,००० आहे. एवढीच रक्कम सात टक्क्यांनी दोन वर्षे ठेवली, तर ती ५,३८,००० च्या आसपास होते. त्यात दोन वर्षांचा विमा, तेल-पाणी आणि किरकोळ दुरुस्ती धरली, तर साडेपाच लाखांना विकूनही आपण तोट्यातच राहता. आणि साडेपाच लाख देणारे गिऱ्हाईक हवे त्या महिन्यात दारात येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. स्वतःच्या वापरातली दुचाकी विकून आलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरे, पण इथे नफाच होत नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? म्हणून ही रक्कम खर्च म्हणूनच मांडावी. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर यावी यासाठी केलेला खर्च मी उधळपट्टी समजत नाही. ऐपतीत बसत असेल तर तो जरूर करावा.

आता गाडीविषयी, कारण पैसा कोणत्या क्रमाने लागेल हे तिच्या रचनेवरूनच ठरते. जपानमध्ये यामाहाची आरडी ३५० हे १९७३ चे मॉडेल. तीच गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्याकडे राजदूत नावाने विकली. तिला ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर होते. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. इथे ती कमी करून आधी साडेतीस आणि पुढे २७ वर आणली गेली, आणि पुढच्या डिस्क ब्रेकऐवजी ड्रम ब्रेक आला. तेव्हाच्या ग्राहकाला तिची किंमत आणि पेट्रोलचा खर्च परवडला नाही, आणि नव्वदच्या सुमारास ती बंद झाली. आज तिचे सुटे भाग महाग पडतात आणि शोधावे लागतात, याचे मूळ तिथेच आहे.

अशा इंजिनात सगळ्यात महाग धोका लपलेला असतो तो सगळ्यात स्वस्त वस्तूत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखाली क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) असतो त्या पेटीत येते, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली रबरी ऑइल सील ती जागा हवाबंद ठेवतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की या सीलची कड कडक होते. उजवीकडचे, क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर येतो. ते निदान दिसते तरी. डावीकडचे गेले, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, पिस्टन जास्त तापतो आणि एखाद्या लांबच्या चढावर सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मग नुकताच केलेला रीबोअर (झिजलेले सिलिंडर आतून कातून मोठ्या मापाचे करणे) आणि नवे पिस्टन, सगळा खर्च नव्याने करावा लागतो.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका ग्राहकाच्या अशाच गाडीचे इंजिन उघडले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून मी शेजारी उभा होतो. बाहेरून ती गाडी उत्तम दिसत होती, टाकीवरचा रंग आरशासारखा होता. मिस्त्रींनी काढलेले सील माझ्या हातात दिले; नखाने दाबले तर रबर दबेना, बांगडीसारखे टणक झाले होते. मग त्यांनी क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवला, बारीक फरक मोजणाऱ्या डायल गेजची सुई टेकवली आणि तो हाताने सावकाश फिरवला. सुई जागेवर राहायला हवी होती. ती प्रत्येक फेऱ्यात झोका घेत होती, म्हणजे क्रँक सरळ राहिला नव्हता. रंगावर आधीच मोठी रक्कम गेली होती आणि क्रँकसाठी पैसे उरले नव्हते. ती गाडी पुढे बराच काळ तशीच उघडी पडून राहिली, आणि ते पाहून मला आजही वाईट वाटते.

म्हणून आपल्या अंदाजपत्रकाचा क्रम मी बदलायला सांगेन. त्यात इंजिनाला १,२५,०००, रंग आणि क्रोमला ८५,०००, टायर, ब्रेक आणि शॉकअपला ४५,०००, वायरिंगला ३०,००० आणि किरकोळ २५,००० धरले आहेत. हे सगळे आकडे इंजिन न उघडता दिलेले आहेत, आणि इंजिनाचा आकडा तर निव्वळ तर्क आहे. पूर्वीच्या मालकाने किंवा मिस्त्रीने सिलिंडर आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर केले असतील, तर आत नव्या स्लीव्ह (धातूच्या नळ्या) बसवाव्या लागतील. क्रँक उघडून नवे कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग घालावे लागले, तर खर्च आणखी वाढेल. तेव्हा पहिला करार फक्त इंजिन उघडून मापे घेण्याचा करावा. ते काम आपल्या एका महिन्याच्या शिलकीत बसावे, आणि मापांचा कागद हातात येईपर्यंत पुढचा एक रुपयाही कबूल करू नये.

त्याआधी कागदपत्रे पाहावीत, हे मी आग्रहाने सांगतो. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओकडे नमुना ३१ चा अर्ज करावा लागतो, आणि आई व बहीण यांची लेखी संमती आताच घेऊन ठेवावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, ते बहुधा केव्हाच संपलेले असेल. त्याचे शुल्क, उशिराचा आकार आणि पर्यावरण कर किती होतो हे कार्यालयात समक्ष विचारावे. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय २०२१ पासून आहे, पण आपली गाडी तिथे २०३७ मध्ये पोहोचेल. चासी आणि इंजिनाचे नंबर आरसी बुकाशी जुळतात का, हे स्वतः टॉर्च धरून वाचावे, आणि बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणताना इंजिनावरचा नंबर घासला जाऊ नये हे गॅरेजला लिहून द्यावे. नंबर जुळत नसतील किंवा नोंदणीच रद्द झालेली असेल, तर माझा सल्ला बदलेल.

आता पैशाची सोय. गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५८,००० होतात; सहा महिन्यांचे ३,४८,०००. म्हणजे आपली साडेतीन लाखांची ठेव अडीअडचणीपुरती नेमकी पुरते, जास्तीचे जवळजवळ काहीच नाही. घरात चार वर्षांची मुलगी असताना तिला हात लावू नये. तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,२५० आणि एकूण व्याज ६९,००० च्या घरात जाते. व्याजापेक्षाही मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: शिल्लक जवळजवळ सगळी हप्त्यात अडकेल, आणि क्रँक खराब निघाला तर हात रिकामा असेल.

त्याऐवजी महिन्याला १०,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकावेत. नऊ महिन्यांचे ९०,००० आणि या दिवाळीचा बोनस मिळून दीड लाख होतात. त्यातून इंजिन होईल आणि अनपेक्षित कामासाठी २५,००० हाताशी राहतील. पुढच्या दहा महिन्यांच्या एक लाखात ब्रेक, टायर, शॉकअप, वायरिंग आणि किरकोळ कामे बसतात. दुसऱ्या दिवाळीचा बोनस आणि राहिलेले महिने रंगासाठी. जवळजवळ दोन वर्षे हा काळ आपल्याला लांब वाटेल, पण एसआयपी चालू राहील आणि ठेव शाबूत राहील. एकच अपवाद करावा: अस्सल कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकचे बेअरिंग मधेच मिळाले, तर लगेच घ्यावे, कारण ते पुन्हा मिळेलच असे नाही. गॅरेजला आगाऊ रक्कम प्रत्येक टप्प्याच्या एक तृतीयांशाहून जास्त देऊ नये, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.

गाडी चालू झाल्यावरचा खर्चही आजच घरखर्चात मांडून ठेवावा. वर्षाला दीड हजार किलोमीटर चालवली आणि लिटरला वीसच्या हिशेबाने धरले, तर ७५ लिटर पेट्रोल म्हणजे आठ हजारांच्या आसपास; त्यावर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारे वंगण), सक्तीचा थर्ड पार्टी विमा आणि देखभाल धरून वर्षाला २५,००० बाजूला ठेवावेत. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना तिचे मूल्य आपण आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, तेव्हा फोटो आणि बिले जपून ठेवावीत.

येत्या शनिवारी सांगलीला जाल, तेव्हा हौसेने किक मारू नका. दोन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा, टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका आणि गाडी टेम्पोतूनच पुण्याला आणा. मापांचा कागद मिळाला की मला पाठवा, म्हणजे इंजिनासाठी धरलेले दीड लाख पुरतील की नाही ते ठरवता येईल.