अलास्कातल्या दुर्गम युपिक गावात आम्ही नवरा-बायको शिक्षक म्हणून रुजू होतोय. पहिल्या वर्षी काय ध्यानात ठेवावं?

युपिक म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या अशाच एका गावात मी तीन वर्षं जे-1 व्हिसावर (परदेशी शिक्षकांना ठरावीक काळासाठी मिळतो तो) गणित शिकवलं आणि माझा नवरा विशेष मुलांचा वर्ग घ्यायचा, म्हणून लिहितेय. गाव नैर्ऋत्य अलास्कातल्या कुस्कोक्विम नदीच्या खालच्या अंगाचं, वस्ती जेमतेम चारशे. नाव सांगत नाही. एवढ्याशा गावात कोण कोणाबद्दल बोलतंय ते लगेच कळतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सामान काय न्यायचं, वर्गात काय वेगळं असतं आणि तुमच्या मिसेस शाकाहारी आहेत तर त्यांचं कसं व्हायचं. मी वर्गापासून सुरुवात करते. माझे पहिले आठवडे सामानापायी नाही, भुवयांपायी वाया गेले.

सातवीचा वर्ग. एका मुलाला विचारलं, "उदाहरण झालं का?" तो माझ्याकडे बघतोय, पण गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. तेव्हा मागे बसलेल्या मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, "तो तीनदा हो म्हणाला." भुवया वर गेल्या म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही. क्षणभराचं काम असतं, तुम्ही फळ्याकडे वळलात की हुकलंच. आपलंही काही कमी नाही म्हणा. मी मान डोलावली की हो की नाही ते पोरांना कळायचं नाही. महिनाभरात अख्खा वर्ग माझी नक्कल करायला लागला, तीही हुबेहूब.

प्रश्न विचारलात की थांबा. आपल्याकडे प्रश्न पडायच्या आत "मी सांगतो, मी सांगतो" करत दहा हात वर येतात. तिथे चारचौघांत असं पुढे पुढे करणं शोभत नाही. आपल्याला ती शांतता खायला उठते, मग आपणच उत्तर देऊन मोकळे होतो आणि वर म्हणतो, मुलं बोलत नाहीत. शिकणं तिथे बघण्यातून होतं. मासा कापताना आजी काही समजावून सांगत बसत नाही. नात शेजारी बसून बघते आणि एक दिवस ती अर्धगोल पात्याची सुरी, उलुआक, तिच्या हातात येते. हे नदीकाठी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून मी फळ्यावरची बडबड निम्म्यावर आणली. एक उदाहरण न बोलता सोडवून दाखवायचे, मग दुसरं, मग खडू ठेवून द्यायचे. थोड्या वेळाने कोणीतरी उठायचंच.

गणिताचंच निघालंय तर सांगते. युपिक मोजणी विसाची आहे. पाचला 'ताल्लिमात', त्याच्या मुळाशी हात आहे. वीस म्हणजे 'युइनाक', हातापायांची सगळी बोटं संपून माणूस पुरा झाला. मला माझी साताऱ्याची आजी आठवली, ती सत्तर न म्हणता "तीन विसा आणि दहा" म्हणायची. हे वर्गात सांगितलं तो पहिला दिवस, जेव्हा पोरांनी आपणहून मला काहीतरी विचारलं. भाषेतही आपल्याला एक फायदा आहे. इंग्रजीत 'युपिक' लिहिताना मध्ये जी अपॉस्ट्रफी येते ती 'प' दुहेरी म्हणायची खूण आहे. म्हणजे खरं युप्पिक. गोऱ्या शिक्षकांची जीभ तिथे अडखळते. पक्का, चक्का म्हणणाऱ्याला काय अवघड? मुलांची युपिक नावं पहिल्याच आठवड्यात नीट शिकून घ्या. ती बहुधा नुकत्याच वारलेल्या कोणाची तरी असतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. एखादी बाई सहा वर्षांच्या मुलाला आपला बाप मानून लाड करते, ते थट्टेत नसतं.

शाळेकडे गाव जरा बिचकून बघतं, त्याला कारण आहे. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीला शाळेत युपिक बोललं म्हणून शिक्षा व्हायच्या. हायस्कूल गावात नव्हतंच. चौदा-पंधरा वर्षांची पोरं शेकडो मैल लांबच्या निवासी शाळांत धाडली जायची, काही तर पार ऑरेगनला. अशा गावांतल्या मुलांनी अलास्का राज्यावर खटला भरला, 1976 मध्ये तडजोड झाली आणि 126 गावांना हायस्कूल मिळण्याचा रस्ता खुला झाला. तुमची शाळाही बहुधा त्यातलीच असेल. त्यामुळे "आम्ही शिकवायला आलोय" हा आव नको. नव्या शिक्षकांतले बरेच एक-दोन वर्षांत निघून जातात, मदतनीस बायका मात्र वीस-वीस वर्षं तिथेच असतात. काही अडलं तर आधी त्यांना विचारा, मग मुख्याध्यापकांना.

आता सामान. अलास्कातलं सगळ्यात मोठं शहर अँकरेज, तिथून आपल्या भागातल्या मुख्य गावाला, बेथेलला, जेटने तासाभराहून थोडं जास्त लागतं, तिथून पुढे रस्ताच नाही. पाच-सात जणांच्या विमानात बसायच्या आधी तुमचं स्वतःचं वजन विचारतात, लाजू नका, खरं सांगा. धुकं आलं की विमान नाही. आम्ही बेथेलमध्ये दोन दिवस अडकलो, म्हणून औषधं, एक स्वेटर आणि थोडं खाणं हातातल्या पिशवीत ठेवा. बाकीचं प्लास्टिकच्या झाकणाच्या खोक्यांत भरून अँकरेजहून टपालाने पुढे पाठवा. आम्हाला घेणाऱ्यांनी घर 'फर्निश्ड' आहे म्हणून सांगितलं होतं. गेल्यावर एक टेबल आणि गादीशिवायचा पलंग. तेव्हा गादी आहे का, हे आधी मेलवर लिहून घ्या. रबरी गमबूट हवेतच, बर्फाच्या बुटांच्याही आधी. ऑगस्टमध्ये नुसता चिखल असतो आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाय घसरला की संपलं. बरीच गावं दारूबंदीची आहेत. बाटली नेणं म्हणजे नोकरीवर पाणी, प्रसंगी पोलीस.

शिक्षकांच्या घरांना बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी असतं आणि शेजारच्या घरात संडासाला बादली. त्या बादलीला 'हनी बकेट' म्हणतात. रोज हे समोर दिसत असताना आपल्या गिझरची तक्रार जपूनच करावी. बायकांनी 'स्टीम'ला, म्हणजे मकीला, बोलावलं तर नाही म्हणू नका. छोट्या लाकडी खोलीत तापल्या दगडांची वाफ घेत सगळ्या जणी बसतात. मी दोन महिने लाजेपायी टाळलं. गेले आणि शाळेत त्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं ते एका संध्याकाळी कळलं.

डिसेंबरात सूर्य अकराच्या सुमाराला उगवतो आणि दिवस सहा तासांचाही नसतो. लोक सांगतात त्याप्रमाणे व्हिटॅमिन डी घ्या, पण मला गोळ्यांपेक्षा जिममधल्या बास्केटबॉलने तारलं. सारं गाव तिथे असतं. सात जानेवारीच्या सुमाराला रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गावांत स्लाविक, म्हणजे त्यांचा नाताळ, असतो. मोठा चांदणीसारखा तारा फिरवत लोक रात्री उशिरापर्यंत घरोघर गात, जेवत जातात. किनाऱ्याच्या गावांत वसंतात सील पार्टी असते. घरच्या पोराने सील मारला की बाई दारातून जमलेल्या बायकांवर भेटवस्तू उधळते. मी बोरनहाणातल्या पोरांसारखी पुढे धावले आणि दोन टॉवेल पटकावले. सप्टेंबरात मूसच्या (तिकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या) शिकारीला पोरं दांडी मारतात, त्यांना गैरहजर लिहून वर भाषण देऊ नका. परत आल्यावर किती लांब गेले, पेट्रोल किती जाळलं ते विचारा, गणिताचा तास आपोआप होतो.

शाकाहाराचं स्पष्ट सांगते: जमतं, पण अवघड जातं. ताजी भाजी महाग आणि बेभरवशाची. डाळ, तांदूळ, बेसन, सोया, गोडा मसाला टपालाने येतं आणि टिकतंही. पण कोणी घरी सुकवलेला सामन, मूसचं सूप किंवा अकुताक पुढे केलं तर मिसेसनी काय करायचं ते आधी ठरवा. अकुताक म्हणजे चरबी, साखर आणि टुंड्रावरची बोरं फेटलेलं गोड. त्यांनी "आमच्यात चालत नाही" असं साधं सांगितलं तर कोणी रागावत नाही, पण नाक मुरडू नका. त्याचा तिथला अर्थ वर सांगितलाच आहे. मी मासे खायला लागले, नवरा शेवटपर्यंत नाही, दोघांचंही निभलं.

आणि कुकर न्याच. संध्याकाळी पोरं 'व्हिजिट'ला येऊन दार वाजवतात. आमच्याकडे ती कुकरपाशी बसून शिट्ट्या मोजायची, अताउचिक, मालरुक, पिंगायुन, आणि तिसरी झाली की गॅस बंद करायला मला हाक मारायची. रबरी रिंगा दोन जास्तीच्या घ्या, त्या गावच्या दुकानात मिळत नाहीत.