पडदा पडत नाही म्हणून

अगं,

तुझी सिनेमाची स्क्रिप्ट वाचली, दोनदा. दुसऱ्यांदा दांडिया बाजारात सेवउसळ खाता खाता, त्यामुळे पान ४० वर तरीचा डाग पडलाय, सॉरी.

आजी मस्त उतरलीये. वाडा विकायला निघालेला मुलगा पण खरा वाटतो. पण तू मार्जिनमध्ये 'पहिला अ‍ॅक्ट संपला' वगैरे लिहिलंयस ना, ते पान ३० आलं म्हणून लिहिलंयस, तिथं काही घडलं म्हणून नाही. तो तीन अंकांना ३०-६०-३० पानं असा हिशोब सिड फील्ड या पटकथा शिकवणाऱ्या अमेरिकन लेखकाने १९७९ मध्ये मांडला, १२० पानांची स्क्रिप्ट आणि एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं धरून. तुझी अख्खी स्क्रिप्ट ८६ पानांची!

आणि आपण नाटकवाले, अंक काय असतो ते आपल्याला का कोणी शिकवायचं. पूर्वी तीन अंकी नाटकात मध्ये दोनदा पडदा पडायचा, आता दोन अंक नि एकदाच, पण पडदा पडला की लोकांना कळतं काहीतरी संपलं, चला चहा घेऊ. सिनेमात पडदा पडत नाही, म्हणून ते काम पात्रालाच करावं लागतं, त्याने असं काहीतरी करून बसायचं की आता कालच्यासारखं घरी परतताच येत नाही.

हरिश्चंद्र घे. फाळके आपल्या इथल्या, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, आणि १९१३ च्या पहिल्या मोठ्या फिल्मला त्यांनी हीच गोष्ट निवडली, माझ्या मते उगाच नाही. राजा राज्य देऊन बसतो, झाला पहिला अंक, दिलेला शब्द काही परत घेता येत नाही. मग दक्षिणेसाठी बायको-मुलगा विकतो, स्वतःला विकतो, म्हणजे मधला भाग नुसता रडारडीचा नाही, त्याच एका शब्दाची किंमत दर वेळी वाढत जाते. शेवटी स्मशानात तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते आणि हा तिच्याकडे पण कर मागतो. याच्या खाली पायरीच नाही, तिथून तिसरा अंक.

आता तुझं बघ. पान ३० ला बिल्डरचा फोन येतो. फोन आला ही नुसती बातमी झाली गं, आजीने काय केलं? ती पान ५२ वर वाड्याचे कागद समोरच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, भाचीकडे लपवते आणि मुलाशी तोंडावर खोटं बोलते, तोच तुझा पहिला पडदा, आणि तू तो इंटरव्हलच्याही पुढे टाकलायस! उचल आणि २०-२२ वर आण.

इंटरव्हल आला म्हणून अंक बदलला असं पण नाही हं, तो बहुतेक वेळा दुसऱ्या अंकाच्या पोटात येतो. तिथं प्रश्न फिरायला हवा. इतका वेळ 'कागद सापडतील का' चाललेलं ना, मग मुलाला सापडू देत, आणि तो गप्प बसू दे. आता कोण कोणापासून लपवतंय यावर लोकांना समोसा खाताना भांडू दे.

मी पण हे सगळं करून चुकलेय. १२ मिनिटांच्या शॉर्टफिल्मला तीन अंक मोजून चार-चार मिनिटांचे केले, एडिटिंगला बसलो तर पहिली चार मिनिटं हिरो चप्पल शोधतोय.

शनिवारी ये. स्क्रिप्ट नको आणूस, प्रत्येक सीनचं एक कार्ड कर, त्यावर फक्त कोणी काय केलं एवढंच लिही, जमिनीवर मांडून बघू. आणि शेवटी आजी गाते तो सीन तुझा लाडका आहे माहितीये, पण त्याचं कार्ड बनतंय का ते आधी बघ.