मित्रदेश उलटला तर विकलेली लढाऊ विमानं परत घेता येतात का?

नाही, परत घेता येत नाहीत. फार तर सुटे भाग आणि दारूगोळा अडवून त्यांना हळूहळू लंगडं करता येतं. इराण हे याचं ठळक उदाहरण. तिथले राजे शहा यांच्या काळात अमेरिकेने इराणला एफ-१४ ची ७९ विमानं दिली, १९७९ मध्ये क्रांती झाली आणि तीच विमानं शत्रूच्या ताफ्यात गेली. सुटे भाग थांबले, तरी इराणी तंत्रज्ञांनी एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवत इराकविरुद्धच्या युद्धात ती उडवली. अमेरिकेने स्वतःची एफ-१४ २००६ मध्ये निवृत्त केली, तेव्हा भाग इराणकडे जाऊ नयेत म्हणून बरीचशी चक्क तोडून टाकली!

कागदी अटींवरही फार विसंबू नका. पाकिस्तानला दिलेली शस्त्रं भारताविरुद्ध वापरू देणार नाही, असं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये नेहरूंना कळवलं होतं. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या खेमकरणला पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे आलेच.

आपल्याकडचं उदाहरण सांगतो, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावर ६ स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या गेल्या. उद्या पॅरिसशी बिनसलं तर काही सुटे भाग अडतील, पण पाणबुडीचं वेल्डिंग शिकलेल्या कामगाराच्या हातातलं कसब कोण काढून घेणार? विकणाऱ्याला खरी धास्ती त्याचीच असते.

मात्र हे सगळ्या शस्त्रांना सारखं लागू नाही. एफ-३५ सारखं सॉफ्टवेअरवर चालणारं विमान उत्पादकाच्या अपडेटशिवाय लवकर मागे पडतं, खांद्यावरून डागायचं स्टिंगर क्षेपणास्त्र मात्र एकदा दिलं की गेलं.